त्या काळच्या वाद्यांवर ऑपेराचं रेकॉर्डिंग: आधी सूर, मग माइक

सतराव्या-अठराव्या शतकातल्या, म्हणजे मॉन्टेव्हर्दीपासून ग्लुकपर्यंतच्या संगीतकारांच्या ऑपेरांतल्या आरिया (एकट्या गायकाची गाणी) आणि ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) त्या काळच्या वाद्यांवर रेकॉर्ड करताना सगळ्यात जास्त टेक वाया जातात ते सरकलेल्या सुरामुळे. सकाळी अकराचा टेक सुरेल असतो, दुपारी एकचाही सुरेल असतो. पण दोन्ही जोडायला घेतले की सांधा कानाला टोचतो. आतड्याच्या तारा, हार्पसिकॉर्डच्या (तारा छेडणारं जुनं कीबोर्ड वाद्य) धातूच्या तारा, लाकडी ओबो आणि माणसाचा गळा हवेप्रमाणे आपापल्या वाटेने जातात, आणि एडिटिंगच्या टेबलावर त्यांना परत एकत्र आणता येत नाही. म्हणून हॉल, वेळापत्रक, गाण्यांचा क्रम आणि माइकची जागा या सगळ्याची आखणी सुराभोवती करायची.

पट्टी

आज 'बरोक पट्टी' म्हटलं की ए हा स्वर म्हणजे ४१५ हर्ट्झ असं धरतात. ही आपल्या काळाने केलेली सोय आहे. ४१५ हा ४४० पेक्षा जवळपास नेमका अर्ध्या स्वराने खाली येतो, त्यामुळे सरकत्या कीबोर्डाच्या हार्पसिकॉर्डवर कीबोर्ड एक घर हलवला की पट्टी बदलते. प्रत्यक्षात त्या काळी गावोगावी पट्टी वेगळी होती. कामापुरता हिशोब असा: मॉन्टेव्हर्दी आणि सतराव्या शतकातलं व्हेनिस ४४० किंवा ४६६, फ्रान्सचे लुली आणि रामो ३९२, इंग्लंडमधले पर्सेल आणि हँडेल ४१५, ग्लुक ४१५ किंवा ४३०.

एकाच अल्बममध्ये या सगळ्यांना घ्यायचं असेल तर पट्टी बदलण्याची किंमत आधी मोजा. ओबो, बासून, रेकॉर्डर, कॉर्नेट्टो ही फुंकवाद्यं ठरावीक पट्टीसाठीच घडवलेली असतात. ४१५ चा ओबो ३९२ ला उतरत नाही, दुसरा ओबो आणावा लागतो. व्हायोलिन उतरते, पण ४१५ साठी निवडलेली आतड्याची तार ३९२ ला सैल पडते आणि गजाखाली फाफटते, म्हणून थोडी जाड तार लावावी लागते. नवी तार एक-दोन दिवस ताणली जात राहते. म्हणून पट्टी बदलायची तर मध्ये किमान एक मोकळा दिवस ठेवा आणि तारा त्याच्या आदल्या संध्याकाळी बदला. दोन पट्ट्यांत भागणारा कार्यक्रम निवडला तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही आवाक्यात राहतात. तीन पट्ट्या चार-पाच दिवस हाती असतील तरच घ्याव्यात.

सरकता कीबोर्ड बऱ्याच जणांना फसवतो. कीबोर्ड सरकवला की पट्टीबरोबर स्वरांतरांची रचनाही एक घर सरकते. ४१५ ला मीनटोनमध्ये (मोठा तिसरा स्वर शुद्ध ठेवणारी जुनी स्वरजुळणी) लावलेलं वाद्य ४४० ला नेलं की जी तार सी शार्प होती ती आता कीबोर्डवरच्या सीच्या पट्टीखाली येते, आणि बेसूर पंचम नको तिथे जाऊन बसतो. त्यामुळे कीबोर्ड हलवल्यावर वाद्य पहिल्यापासून लावायचं. वेळापत्रकात त्यासाठी एक तास लिहून ठेवा.

हार्पसिकॉर्ड लावणं

मॉन्टेव्हर्दीच्या १६०७ च्या 'लॉर्फेओ'साठी किंवा १६४३ च्या 'पोप्पेआ'साठी पाव कॉमा मीनटोन लावा (कॉमा म्हणजे स्वरजुळणीतलं एक बारीक अंतर). त्यात मोठा तिसरा, म्हणजे सी ते ई, संपूर्ण शुद्ध असतो: ३८६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोवरचा तिसरा ४०० सेंटचा असतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांच्या कानात आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. याची किंमत पंचम मोजतो. प्रत्येक पंचम साधारण साडेपाच सेंटने अरुंद होतो, आणि जी शार्प ते ई फ्लॅट हे अंतर तर ऐकवत नाही.

यंत्राच्या काट्याकडे बघत लावलं तरी शेवटचा निवाडा कानाने करा. मधल्या सप्तकात कानाने लावण्याचा क्रम असा:

१. ए हा स्वर सूरचिमट्यावरून (ट्यूनिंग फोर्क) घ्या.
२. त्याच्या खालचा एफ असा लावा की एफ–ए अजिबात लहरणार नाही, म्हणजे दोन्ही एकदम वाजवल्यावर आवाज कमी-जास्त होत थरथरणार नाही.
३. एफ–सी–जी–डी–ए हे चार पंचम सारखेच अरुंद करा. मधल्या सीच्या आसपास पंचम सेकंदाला साधारण दोनदा लहरायला हवा. चारांपैकी एक जरी जास्त शांत वाटला तर दुसरा कुठला तरी जास्त आजारी असतो. परत मागे जा.
४. उरलेले सगळे स्वर शुद्ध तिसऱ्यांनी मिळतात: सीवरून ई, जीवरून बी, डीवरून एफ शार्प, एवरून सी शार्प, ईवरून जी शार्प. मग खाली उतरत डीवरून बी फ्लॅट आणि जीवरून ई फ्लॅट.
५. इथून वर-खाली सप्तकं जुळवा. तारांचा दुसरा संच सगळ्यात शेवटी, पहिल्याशी एकेक तार जुळवत.

चौथ्या पायरीतच कळतं की या रचनेत जी शार्प आहे पण ए फ्लॅट नाही, ई फ्लॅट आहे पण डी शार्प नाही. म्हणून लावण्याआधी निवडलेल्या आरियांच्या स्कोअरवर पेन्सिल फिरवा आणि ए फ्लॅट किंवा डी शार्प कुठे आलाय ते बघा. एखाद्याच आरियात ए फ्लॅट असेल तर जी शार्पची तार तेवढ्या सत्रापुरती वर ओढतात. तसं केलं तर स्कोअरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नाहीतर दुपारी ईच्या मोठ्या स्वरसंघातावर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

हँडेल, रामो आणि ग्लुकसाठी मीनटोन पुरत नाही, त्यांच्या आरिया लांबच्या स्वरपट्ट्यांत जातात. तिथे वालोत्ती ही स्वरजुळणी लावा: एफपासून बीपर्यंतचे सहा पंचम एक षष्ठांश कॉमाने अरुंद, बाकीचे सहा शुद्ध. यात प्रत्येक स्वरपट्टीचा रंग थोडा वेगळा राहतो आणि कुठलीही स्वरपट्टी वापरता येते.

हॉल आणि हवा

तापमान एक अंशाने वाढलं की हवेतल्या आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकवाद्यं साधारण तीन सेंटने चढतात. त्याच उष्णतेने हार्पसिकॉर्डच्या तारा प्रसरण पावून सैल होतात आणि उतरतात. तीन अंशांचा फरक पडला तर ओबो आणि हार्पसिकॉर्ड यांच्यात दहा सेंटच्या वर दरी पडते, आणि ती कुठल्याही बाजूने लावून भरत नाही. हवेतला ओलावा आणखी त्रासदायक आहे. त्याने आतड्याच्या तारा हलतात, हार्पसिकॉर्डची ध्वनिपट्टी फुगते किंवा आकसते आणि मधलं सप्तक टोकांपेक्षा वेगळं सरकतं. ओलावा ४५ ते ५५ टक्के ठेवा. त्यातही नेमका आकडा गाठण्यापेक्षा दिवसभर तो न हलणं महत्त्वाचं. हॉल किमान सहा तास आधी त्याच तापमानाला आणा, आणि टेकच्या वेळी पंखे, हीटर बंद केल्यावर तापमान किती वेगाने घसरतं ते आदल्या दिवशी मोजून ठेवा. सत्रात किती मिनिटांनी थांबायचं हे त्या आकड्यावरून ठरतं. वादकांच्या डोक्यावर तापणारे दिवे लावू नका.

दगडी चर्च दिसायला मोहक असतं, पण आवाज चार-पाच सेकंद घुमत राहिला तर गद्यासारखं गायलं जाणारं रेचितातिव्हो चिखलात रुततं. 'लॉर्फेओ' पहिल्यांदा झाला तो मांतुआच्या राजवाड्यातल्या दालनात, आणि १६३७ मध्ये व्हेनिसला सान कासियानोत तिकीट काढून ऑपेरा बघणं सुरू झालं ते थिएटरात. हे संगीत शब्द ऐकू येण्यासाठी लिहिलेलं आहे. लाकडी जमीन, उंच छत आणि दीड ते दोन सेकंदांचा घुमारा असलेली जागा शोधा. टाळी वाजवून घुमारा समजतो, पण तेवढ्यावर थांबू नका. गायकाला तिथे उभं करून 'त' आणि 'क'ने भरलेली एक ओळ म्हणायला लावा आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून शब्द सुटे येतात का ते ऐका.

कोण कुठे बसणार

हँडेलच्या आरियेसाठी चार पहिली, चार दुसरी व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो आणि एक व्हायोलोन (मोठं खर्जाचं तंतुवाद्य) हा संच पुरतो. लुलीसाठी हा साचा चालत नाही: त्याची तंतुवाद्यं पाच आवाजांत लिहिलेली असतात, मधले तीन आवाज व्हायोलांचे. ते कमी माणसांत उरकलं तर ओव्हर्चर पोकळ वाटतं.

सगळ्याचं केंद्र म्हणजे कंटिन्यूओ, बासची ओळ आणि साथ सांभाळणारा गट: हार्पसिकॉर्ड, थिओर्बो (लांब मानेचं ल्यूट), चेलो किंवा गाम्बा (चेलोसारखं जुनं गजवाद्य), आणि जमल्यास छोटा ऑर्गन. ही मंडळी एकमेकांच्या हाताच्या अंतरावर बसली पाहिजेत आणि गायकाचा श्वास त्यांना दिसला पाहिजे. गायकाला व्यासपीठासारखं सगळ्यांपुढे, पाठ करून उभं करू नका. त्याला माइकच्या पलीकडे, वादकांकडे तोंड करून उभं करा किंवा कंटिन्यूओच्या शेजारी अर्धा वळवून ठेवा. नैसर्गिक (कळी नसलेले) ट्रम्पेट आणि सॅकबट (जुना ट्रॉम्बोन) मागे, त्यांची पसरट तोंडं माइकच्या रेषेतून थोडी बाजूला. ऑर्गनच्या भात्याची मोटर लांब नळीने हॉलबाहेर किंवा निदान जाड खोक्यात. तिची घरघर वादकांना जाणवत नाही, हळू आरियेत माइकला मात्र ती ऐकू येते.

कोणत्या वाद्याने कुठे साथ करायची हे काही ठिकाणी छापूनच आहे. 'लॉर्फेओ'च्या १६०९ च्या छापील प्रतीत नावाडी कारोन्तेसाठी रेगाल (खरखरीत आवाजाचा छोटा ऑर्गन) सांगितला आहे, आणि 'पोस्सेन्ते स्पिर्तो' या आरियेत दोन व्हायोलिन, मग दोन कॉर्नेट्टो, मग दुहेरी हार्प असे आळीपाळीने येतात. त्या आरियेत गायकाची ओळही दोन प्रकारे दिली आहे, साधी आणि अलंकारलेली. अलंकारलेली घेणार असाल तर कॉर्नेट्टो सुरुवातीला घ्या; त्या वाद्यात ओठ लवकर थकतात आणि थकले की सूर आधी जातो.

माइक

मुख्य जोडी सर्वदिशा माइकची, ४० ते ६० सेंटिमीटर अंतरावर, जमिनीपासून अडीच ते तीन मीटर उंच, पहिल्या ओळीपासून तीन मीटरच्या आसपास. मोठ्या संचासाठी तीन माइकचा डेक्का ट्री लावता येतो: डावा-उजवा दोन मीटर लांब, मधला दीड मीटर पुढे. निवड काहीही असो, सगळं चित्र या मुख्य माइकमध्ये आधी तयार व्हायला हवं. थिओर्बो ऐकू येत नाही म्हणून लगेच त्याच्या तोंडाशी माइक खुपसण्याआधी त्याची खुर्ची अर्धा मीटर पुढे घ्या आणि परत ऐका. दहापैकी आठ वेळा तेवढ्याने भागतं.

मदतीचे माइक तीन-चारच. गायकासाठी एक ते दीड मीटरवर, डोक्याच्या किंचित वर. थिओर्बोसाठी ७० सेंटिमीटरवर, जाळी आणि घोडी यांच्या मधोमध रोखलेला. त्याहून जवळ गेलं की बोटांची खरखर येते. हार्पसिकॉर्डच्या माइकचं तोंड झाकणाकडे, कीबोर्डाकडे नको. तिथून लाकडी पट्ट्यांची खडखड येते. मदतीचा माइक मुख्य जोडीपेक्षा जितके मीटर जवळ असेल तितके गुणिले २.९ मिलिसेकंद त्याला उशिरा करा. गायकाचा माइक चार मीटर जवळ असेल तर साधारण १२ मिलिसेकंद. असं केलं नाही तर आवाज दोनदा आल्यासारखा पातळ होतो.

२४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोरदार जागा वाजवून घेऊन ती शिखरापासून १० ते १२ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठरवा, आणि त्यानंतर पातळीला हात लावू नका. शेवटी सगळे जागेवर असताना रिकाम्या हॉलची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करून घ्या. ती आरियांच्या आधी-नंतर लागते. रिकाम्या जागी डिजिटल शांतता भरली तर प्रत्येक आरिया संपताना कानात खड्डा पडतो.

सत्रांचा क्रम

अल्बममधला क्रम आणि रेकॉर्डिंगचा क्रम यांचा संबंध तोडून टाका. आधी पट्टीप्रमाणे दिवस वाटा, मग हार्पसिकॉर्डच्या रचनेप्रमाणे, मग वाद्यसंचाप्रमाणे. ६५ मिनिटांच्या संगीताला तीन-तीन तासांची सहा सत्रं धरा, म्हणजे तासाला साडेतीन-चार मिनिटं. एका सत्रात गायकाला जड पडणाऱ्या दोनच आरिया, आणि त्या सुरुवातीच्या पाऊण तासानंतर. पहिला पाऊण तास ओव्हर्चरला द्या; तेवढ्या वेळात तारा माणसांच्या उबेला सरावतात आणि माइकची जागाही नक्की होते. प्रत्येक सत्राआधी एक तास आणि मध्यंतराची पूर्ण वीस मिनिटं हार्पसिकॉर्ड लावणाऱ्याची. त्या वेळात हॉलमध्ये कोणी गुणगुणायचंही नाही.

ओव्हर्चर सोपं वाटतं आणि तिथेच वेळ जातो. फ्रेंच पद्धतीच्या ओव्हर्चरमध्ये संथ भागातले टिंबवाले (दीडपट लांब लिहिलेले) स्वर किती ताणायचे, त्यानंतरचा छोटा स्वर किती उशिरा टाकायचा, हे गजाच्या दिशेसकट आधी ठरवा. पहिल्या टेकमध्ये थोडं ताणलं आणि तिसऱ्यात जास्त, तर दोन्ही टेक सुंदर असूनही एकमेकांना जोडता येत नाहीत. 'लॉर्फेओ'ची सुरुवातीची तोकाता तीनदा वाजवायची असते. तीनही वेळा खरंच वाजवा, एकाच्या प्रती काढू नका. ट्रम्पेटला म्यूट लावले तर ती एक स्वर चढते, आणि बाकीच्यांनीही चढवून वाजवावी अशी छापील सूचना आहे. तेव्हा म्यूटचा निर्णय वादकांना महिनाभर आधी कळवा. नैसर्गिक ट्रम्पेटचा अकरावा स्वरांश (मूळ सुराच्या अकरा पट कंपनांचा स्वर) एफ आणि एफ शार्पच्या जवळपास मधोमध पडतो, तेरावा ए फ्लॅट आणि एच्या मध्ये कुठेतरी. वादक ते ओठाने वळवतो किंवा नळीवरच्या छिद्राने सावरतो. छिद्रांची वाद्यं चालतील की नाही हेही तेव्हाच बोलून घ्या.

दा कापो आरिया, म्हणजे जिच्यात शेवटी पहिला भाग परत येतो ती, अ–ब–अ अशी सलग घ्या. दुसऱ्या 'अ'साठी पहिल्याची प्रत चिकटवायचा मोह टाळा. परत येताना गायक अलंकार बदलतो, आणि त्याला उत्तर देत चेलोचा गजही बदलतो. प्रत चिकटवली की 'ब' भागात सोसलेलं सगळं पुसलं जातं. हँडेलच्या १७११ च्या 'रिनाल्दो'मधल्या 'लाश्या क्यो प्यांगा'मध्ये सूर थोडे, शब्द थोडे आणि गायकाच्या ओळीत वरचेवर विराम आहेत. या विरामांत खुर्ची करकरली, पान उलटलं, कुणी गज खाली ठेवला तर टेक गेला. पानं चिकटवून एका रुंद पुठ्ठ्यावर लावा आणि करकरणाऱ्या खुर्च्या आदल्या दिवशीच बाहेर काढा.

शेवटचा स्वर संपल्यावर घुमारा पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. मनात सहापर्यंत मोजा.

दुरुस्त्या आणि सांधे

प्रोड्यूसरच्या स्कोअरवर प्रत्येक टेकचा क्रमांक, वेळ आणि हॉलचं तापमान लिहिलेलं असू द्या. दर दोन टेकनंतर ऑर्गनचा किंवा हार्पसिकॉर्डचा ए मोजा. चार सेंटच्या पलीकडे सरकला असेल तर आधीच्या टेकला ठिगळ लावण्याचा नाद सोडा, वाद्यं लावा आणि तो भाग मोठ्या तुकड्यात नव्याने घ्या. सॉफ्टवेअरने सूर सरकवता येतो, पण घुमाऱ्यात मिसळलेल्या पंधरा वाद्यांना एकत्र सरकवलं की तारांची धार बोथट होते, आणि ती धार ऐकण्यासाठीच तर ही वाद्यं घेतलेली असतात.

दुरुस्तीचा तुकडा चुकलेल्या जागेच्या दोन मात्राखंड आधीपासून दोन मात्राखंड नंतरपर्यंत वाजवा. कारण सांध्यावर फक्त नवा स्वर नसतो, आधीच्या स्वराचा घुमाराही असतो. तो आधीच्या टेकपेक्षा हलका-भारी असेल तर सांधा उघडा पडतो. चांगली जागा म्हणजे हार्पसिकॉर्डच्या किंवा थिओर्बोच्या छेडण्याच्या क्षणाआधीची, १० ते ३० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक टेक विरत दुसरा उमटवत).

पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस'मधला डायडोचा विलाप या कामात सगळ्यात कठीण. खालचा बास पाच मात्राखंडांचा, अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारा, पुन्हा पुन्हा येणारा. कागदावर वाटतं की प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कापता येईल. पण पर्सेलने गायिकेच्या ओळी त्या फेऱ्यांच्या सांध्यांवरून मुद्दाम पलीकडे नेल्या आहेत. बास नव्याने सुरू होतो तेव्हा वर ओळ अर्ध्यावर असते. तिथे कापलं तर शब्दाचा श्वास तुटतो. म्हणून कापण्याची जागा गायिकेच्या श्वासावर शोधा, फेरीच्या मधोमध असली तरी चालेल. आणि बासचा वेग सगळ्या टेकमध्ये एकच राहावा म्हणून दर टेकआधी चेलोवादकाने एक फेरी एकट्याने वाजवून मगच सगळ्यांनी सुरू करावं. संपूर्ण विलाप न थांबता किमान तीनदा घ्या आणि त्यातल्या एकाला पाया धरा.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या प्रतीच्या तयारीत, कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) लावू नका. शिखर शून्यापासून एक डेसिबल खाली ठेवा, आणि हार्पसिकॉर्डवरची एकटी आरिया ट्रम्पेटच्या ओव्हर्चरइतकी मोठी करू नका. मोकळी जागा प्रत्येक ट्रॅकनंतर सारखी नको: एकाच पट्टीत आणि जवळच्या स्वरांत असलेल्या दोन आरियांमध्ये तीन सेकंद पुरतात, पण ४४० च्या मॉन्टेव्हर्दीनंतर ४१५ चा हँडेल येत असेल तर घुमारा विरल्यावर सात-आठ सेकंद द्या. तेवढ्यात आधीचा ए कानातून उतरतो. एवढं करूनही पहिला स्वर उतरलेला वाटला तर त्या दोघांच्या मध्ये एकट्या थिओर्बोचा एक तुकडा ठेवून बघा.